चौकोनांचा निरोप

आजचा धडा मोबाइल फोनविषयी आहे. फोन आता कोणाच्या घरी नाही? मोर्शीच्या बाजारात भाजीवाली मावशी फोनवर बोलते. वावरात पाणी वळणारा कास्तकार फोनवर बोलतो. बोलणे सर्वांना येते. पण फोन वाचणे सर्वांना येते का? त्याचीच ही गोष्ट आहे, आणि ती माझ्याच घरची आहे.

१. लहानसा फोन घरी आला

सन २०१२ ची दिवाळी होती. मोठा मुलगा पुण्याहून घरी आला. त्याने खिशातून एक फोन काढला आणि माझ्या हातावर ठेवला. म्हणाला, "बाबा, हा आता तुम्ही वापरा. मी दुसरा घेतला."

तोवर माझ्याजवळ बटणांचा फोन होता. बटणांवरचे आकडे घासून पुसले होते, पण बोट आपोआप जागेवर पडे. एकदा बॅटरी भरली की तीन-चार दिवस तिकडे पाहावे लागत नसे.

नवा फोन पाहिला आणि मला हसू आले. केवढासा तो! पत्त्यांच्या कॅटाएवढा. काच तीन इंचांची. सदऱ्याच्या खिशात टाकला तर वजन जाणवत नव्हते. आणि आकड्यांची बटणे कुठेच नाहीत!

मी विचारले, "अरे, हा लावायचा कुठून?"

"काचेला बोट लावा, बाबा."

मी बोट लावले. काच उजळली. बोट सरकवले, तर आतले चित्रही बोटाबरोबर सरकले. मला माझ्या लहानपणची दगडी पाटी आठवली. पाटीवर बोटाने पुसावे आणि पुन्हा लिहावे, तसेच हे. मी म्हणालो, "ही तर खिशातली पाटी झाली!"

अशा फोनला स्मार्टफोन म्हणतात. स्मार्ट म्हणजे चतुर. साधा फोन मुख्यतः बोलण्याचे काम करतो. स्मार्टफोनच्या पोटात एक लहान संगणक असतो. त्यामुळे तो बोलतो, फोटो काढतो, हिशेब करतो, नकाशा दाखवतो आणि दूरची पत्रे क्षणात आणून देतो.

ही वस्तू एका दिवसात तयार झालेली नाही. हातात धरून बोलण्याच्या मोबाइल फोनवरून पहिला फोन ३ एप्रिल १९७३ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात झाला. तो मार्टिन कूपर या इंजिनियरने केला. त्याचा फोन विटेसारखा होता आणि त्याचे वजन एक किलोहून थोडे जास्त होते. आपल्या देशात मोबाइलवरचे पहिले बोलणे ३१ जुलै १९९५ रोजी झाले. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून बोलले आणि दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांनी ते ऐकले. त्या काळी आलेला फोन उचलला तरी पैसे पडत. सन २००३ मध्ये ही रीत बदलली. येणारा फोन फुकट झाला. मग मोबाइल खेड्यापाड्यांत पोचला.

बोटाने चालणारे काचेचे फोन सन २००७ नंतर जगभर पसरले. माझ्या हाती आलेला फोन त्यांच्याच पहिल्या काही वर्षांतला होता.

२. काच बोटाला कशी ओळखते?

पहिले आठ दिवस माझे बोट आणि ती काच यांचे भांडण चालले होते. मी एका अक्षरावर बोट ठेवी आणि शेजारचे अक्षर उमटे. तीन इंचांच्या काचेवर सारी अक्षरमाला बसवलेली. तांदळाच्या दाण्याएवढी एकेक जागा. आमची बोटे जाड. पत्नी म्हणाली, "तुम्ही पोरांची अक्षरं सुधारवता, आता तुमचं कोण सुधारवणार?"

आमच्या शेजारी एक काका राहतात. संत्र्याचा बगीचा आहे त्यांचा. ते फोन पाहायला आले. त्यांनी बोट लावले, पण काच हलेना. पुन्हा लावले. तरी नाही. काका म्हणाले, "गुरुजी, याले माहं बोट दिसत नाई का?"

काकांच्या बोटांना कुदळ-फावड्याने घट्टे पडलेले. काचेला ती बोटे ओळखू येत नव्हती. त्याचे कारण समजून घ्या.

या काचेला वीज वाहून नेणाऱ्या पदार्थाचा एक अतिशय पातळ थर असतो. तो डोळ्यांना दिसत नाही. आपल्या अंगात पाणी आणि क्षार असतात. म्हणून अंगातून थोडी वीज जाऊ शकते. ओलसर, मऊ बोट काचेला लागले की त्या जागेची किंचित वीज बोटाकडे ओढली जाते. फोन ती जागा हेरतो. 'इथे बोट लागले' असे त्याला कळते. धोका काहीच नसतो. वीज इतकी थोडी असते, की आपल्याला तिचा पत्ताही लागत नाही.

घट्टा म्हणजे मेलेली, कोरडी कातडी. कोरड्या कातडीतून वीज नीट जात नाही. नखातूनही जात नाही. कोरड्या काडीने तर काच हलतच नाही. तुम्ही करून पाहा. आधी नखाने टेकवा. मग बोटाचा मऊ भाग टेकवा. फरक लगेच कळेल.

मी काकांना म्हणालो, "हात धुऊन, पुसून या." त्यांनी हात धुतले आणि अंगठ्याजवळच्या बोटाची कड लावली. काच हलली. काकांचा चेहरा उजळला.

दुसरी अडचण बॅटरीची. हा फोन सकाळी भरला की संध्याकाळी उतरे. त्या वेळी आमच्याकडे लोडशेडिंग होते. वीज असेल तेव्हा फोन भरून घ्यावा लागे. तिसरी अडचण जागेची. चार-पाच वस्तू आत भरल्या की फोन म्हणे, 'जागा नाही.' पण या सर्व अडचणी लहान होत्या. खरी अडचण पुढेच होती.

३. आठचा आकडा

माझी धाकटी बहीण वरुडकडच्या एका खेड्यात राहते. तिचे यजमान वारले आहेत. त्या वेळी तिचा धाकटा मुलगा सतरा वर्षांचा होता, अकरावीत शिकत होता. हा भाचा मला फोनवर लहान लहान निरोप लिहून पाठवी. आधी तो इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत असे. मी त्याला रागावलो होतो. "मराठी आहे ना? मग मराठी अक्षरांतच लिही." तेव्हापासून तो मराठी अक्षरांत लिहू लागला. माझ्या जुन्या बटणांच्या फोनवर ती अक्षरे स्वच्छ दिसत.

नोव्हेंबरचा शेवट होता. संध्याकाळी साडेसहा वाजता नव्या फोनवर निरोप आला. मी चष्मा लावला आणि काच पाहिली. त्यात एकही अक्षर नव्हते. नुसते चौकोन. एकामागे एक, रिकामे चौकोन. मधे मधे मोकळी जागा. आणि एका ठिकाणी आठचा इंग्रजी आकडा.

मी फोन उलटा केला, सुलटा केला. बंद करून पुन्हा चालू केला. चौकोन तसेच. त्या दिवसांत जाहिरातींचे निरोप फार येत. मी मनाशी म्हटले, असेल कंपनीचे काहीतरी. फोन ठेवून दिला. जेवलो आणि झोपलो.

सकाळी सहाला फोन वाजला. भाचा रडत होता. "मामा, तुमी आले काहून नाई?"

हकीकत अशी होती. बहिणीच्या पोटात दुपारपासून असह्य दुखत होते. गावच्या डॉक्टरांनी सांगितले, 'अमरावतीला न्या.' गाडी ठरली. वरुडकडून अमरावतीला जाणारा रस्ता मोर्शीवरूनच जातो. भाच्याच्या फोनमधले बोलण्याचे पैसे संपले होते. निरोप पाठवता येत होते. म्हणून घाईघाईत त्याने लिहिले होते, 'मामा आईची तब्येत फार बिघडली. आम्ही तिला अमरावतीला नेत आहो. तुम्ही 8 वाजता मोर्शी स्टँडवर उभे राहा.'

गाडी स्टँडवर पंधरा मिनिटे उभी राहिली. मी घरी जेवत होतो. स्टँड माझ्या घरापासून दहा मिनिटांच्या वाटेवर आहे.

४. बहिणीचे बोल

मी पहिल्या एसटीने अमरावतीला गेलो. पन्नास-पंचावन्न किलोमीटरचा तो रस्ता त्या दिवशी संपता संपेना. बहिणीचे अपेंडिक्सचे ऑपरेशन रात्रीच झाले होते. ती शुद्धीवर होती. धोका टळला होता.

भाच्याने मला बाजूला नेऊन सांगितले. ऑपरेशनच्या आधी एका कागदावर संमती द्यायची होती. कागद इंग्रजीत होता. पोरगा घाबरलेला. चार ओळी वाचून अडला. डॉक्टरांनी तोंडी सारे समजावले. तरी बहीण म्हणत होती, "दादा येईन. तो वाचून दाखवन. मंग अंगठा देईन." तिने वाट पाहिली. दुखणे वाढले. शेवटी तिने न वाचलेल्या कागदावर अंगठा दिला.

मी तिच्या खाटेजवळ बसलो. तिने हळूच विचारले, "दादा, निरोप भेटला नाई का?"

मी म्हणालो, "भेटला होता बाई. पण मले वाचता नाई आला."

"तुले वाचता नाई आला? तू त हेडमास्तर!"

"साऱ्या अक्षरांचे चौकोन झाले होते. नुसते चौकोन दिसत होते."

ती थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग किंचित हसली. म्हणाली, "दादा, मले त जनमभर चौकोनच दिसते. बसच्या पाटीवर चौकोन. रेशनच्या कारडावर चौकोन. काल त्या कागदावरबी चौकोनच होते. अंगठा देल्ला अन् मोकळी झाली."

मला बोलता येईना. तीच पुढे म्हणाली, "तू शायेत गेला, मी ढोरामांगं गेली. तवा तसंच होतं. कोनाचा दोष नाई. पन आज तुले समजलं ना, मले कसं वाटते ते?"

वाचकहो, मी तीस वर्षांहून अधिक काळ शाळेत शिकवले. शेकडो मुलांना अ आ इ ई शिकवली. पण निरक्षर माणसाला कागद कसा दिसतो, हे मला त्या दिवशी कळले. समोर काहीतरी लिहिलेले आहे. ते आपल्याच कामाचे आहे. कदाचित जिवाचे आहे. आणि आपल्याला ते लागत नाही. ही लाज, ही असहायता मी एक संध्याकाळ भोगली. माझी बहीण ती पन्नास वर्षे भोगत होती. आणि मी तिचा सख्खा भाऊ, मास्तर असूनही मी तिला कधी पाटी आणून दिली नव्हती.

५. अक्षरांचे चौकोन का झाले?

आता त्या चौकोनांचे कारण सांगतो.

फोनला अक्षर कळत नाही. त्याला फक्त आकडे कळतात. म्हणून जगातल्या बहुतेक लिप्यांमधल्या अक्षरांना क्रमांक दिले आहेत. या क्रमांकांच्या यादीला युनिकोड म्हणतात. ती सन १९९१ पासून प्रसिद्ध होत आली आहे. त्या यादीत आपल्या 'क' चा क्रमांक २३२५ आहे आणि 'म' चा २३५० आहे. भाच्याने 'मामा' लिहिले, तेव्हा त्याच्या फोनने अक्षरांचे चित्र पाठवले नाही. क्रमांक पाठवले.

क्रमांक माझ्या फोनवर आले. आता फोनने आपल्या पेटीतून त्या क्रमांकाचा ठसा काढायचा आणि काचेवर उमटवायचा. जुन्या छापखान्यात असेच होते. जुळारी पेटीतून एकेक खिळा उचलून शब्द जुळवी. 'म' चा खिळाच पेटीत नसेल तर तो काय करील? जागा रिकामी ठेवील. फोनही तेच करतो. ठसा नसला की रिकामा चौकोन ठेवतो. पहिल्या वर्षांतल्या पुष्कळ स्मार्टफोनांच्या पेटीत इंग्रजीचे ठसे होते, आपल्या लिपीचे नव्हते. माझा फोन त्यांतला होता. स्वस्तातला जुना फोन मराठी वाचत होता आणि चतुर फोन मराठीला आंधळा होता!

मुलगा म्हणाला, "इंग्रजी अक्षरांत मराठी लिहा बाबा, काम भागेल." काही दिवस मी तसे करून पाहिले. पण इंग्रजी अक्षरांत आपले 'ळ' आणि 'ल' सारखेच होतात. काना आहे की नाही, तेही कळत नाही. मला, मळा, माळा, माला हे चारही शब्द तिथे एकसारखे दिसतात. 'मळा विकू नको' असे एखाद्याने लिहिले, आणि दुसऱ्याने 'मला विकू नको' असे वाचले, तर काय करावे? मराठीला मराठीचाच अंगरखा बसतो.

आपल्या मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. सातशे वर्षांपूर्वी म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र लिहिले. मराठीतला पहिला गद्य ग्रंथ म्हणून तो ओळखला जातो. तो याच रिद्धपूरला तयार झाला. सन २०२४ मध्ये तेथे मराठी भाषा विद्यापीठही सुरू झाले. ज्या तालुक्यात मराठी गद्य जन्मले, त्याच तालुक्यात माझ्या हातातल्या फोनला मराठीचा एक शब्द दाखवता येत नव्हता.

पुढे दिवस पालटले. नव्या फोनांमध्ये देवनागरीचे ठसे आले. सन २०१६ मध्ये केंद्र सरकारने हुकूम काढला, की भारतात विकल्या जाणाऱ्या मोबाइल फोनवर बावीस भारतीय भाषांतला मजकूर वाचता आलाच पाहिजे. आज तुमच्या हातातला फोन मराठी दाखवतो. फोनचे चौकोन गेले. आता आपल्या डोळ्यांपुढचे चौकोन तेवढे घालवायचे आहेत.

६. फोन आपला, तर वाचणाराही आपणच

पुष्कळ जण म्हणतात, "फोन आहे, पण पाहतो आमचा पोट्टा." पोरगा चांगला असेल. तरी आपले पत्र आपण वाचावे. खाली काही गोष्टी देतो. त्या एकेक करून शिका.

पहिली गोष्ट : भाषा. फोनमध्ये 'सेटिंग' नावाची जागा असते. तिथे दातेरी चाकाचे चित्र असते. त्यात 'भाषा' शोधा आणि 'मराठी' निवडा. सुरुवातीला कोणाची मदत घ्या. मग बहुतेक नावे मराठीत दिसतील.

दुसरी गोष्ट : बँकेचा निरोप. तो अनेकदा इंग्रजीत येतो. त्यातले दोन शब्द ओळखायला शिका. 'क्रेडिट' म्हणजे पैसे आले. 'डेबिट' म्हणजे पैसे गेले. हे दोन शब्द वहीत इंग्रजी अक्षरांत लिहून घ्या आणि जुळवून पाहा. आकडा तर तुम्हाला वाचता येतोच. संत्र्याचे पैसे आले का, किती आले, हे दुसऱ्याला विचारू नका.

तिसरी गोष्ट : शेताचे कागद. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. तो फोनवरही पाहता येतो. त्यात गट नंबर, आपले नाव आणि क्षेत्र स्वतः वाचा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. कास्तकाराने आपल्या वावरात उभे राहून फोनमध्ये पिकाचे नाव भरायचे आणि फोटो काढायचा. वावरात तूर असेल आणि नोंद सोयाबीनची झाली, तर पुढे नुकसानभरपाईच्या वेळी त्रास कोणाला? दुसऱ्याकडून नोंद करवून घेतली, तरी बटण दाबण्याआधी म्हणा, "थांब बाबू, मले वाचू दे."

चौथी गोष्ट : गुप्त आकडा. बँकेच्या कामात फोनवर चार किंवा सहा आकड्यांचा एक क्रमांक येतो. त्याला ओटीपी म्हणतात. ती घराची किल्ली समजा. कोणीही मागितली तरी देऊ नका. 'मी बँकेतून बोलतो' असे म्हणणारालाही देऊ नका. बँक ओटीपी विचारत नाही. फोनवरून पैसे देताना जो पिन टाकतात, तो पैसे देण्यासाठी असतो. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. 'तुम्हाला पैसे पाठवतो, पिन टाका' असे कोणी म्हणाला, तर तो लबाड आहे. तरी फसलातच, तर लाजू नका. लगेच १९३० या सरकारी क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे हातून दूर जातात.

पाचवी गोष्ट : संकटाचे क्रमांक. पोलीस, आग, दवाखाना अशा कोणत्याही संकटात ११२. रुग्णवाहिकेसाठी १०८. हे आकडे घराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

सहावी गोष्ट नीट ऐका. आता फोनशी मराठीत बोलले तरी तो लिहून देतो. मग कोणी म्हणेल, "फोनच लिहितो, फोनच वाचून दाखवतो. तर आम्ही कायले शिकावं?" प्रश्न चांगला आहे. मी एकदा फोनला सांगितले, 'उद्या तूर विकू नको.' त्याने लिहिले, 'उद्या तूर विकू.' शेवटचा 'नको' त्याला ऐकूच आला नाही. मी वाचून पाहिले म्हणून बरे. न वाचता पाठवले असते, तर तूर बाजारात गेली असती! यंत्र ऐकते तसे लिहिते. बरोबर लिहिले की चूक, हे पाहणे आपले काम. ते वाचता येणाराच करू शकतो.

७. बहिणीचा निरोप

दवाखान्यातून घरी आल्यावर मी बहिणीला म्हणालो होतो, "आता शिक. मी शिकवतो." ती म्हणाली, "आता कायले दादा, पन्नाशी आली." मीही पुन्हा आग्रह केला नाही. ती माझी दुसरी चूक.

पुढे केंद्र सरकारचा नवभारत साक्षरता कार्यक्रम आला. त्याला उल्लास असे नाव आहे. पंधरा वर्षांवरच्या कोणाही निरक्षर माणसाला त्यात शिकता येते. तिच्या गावात वर्ग सुरू झाला. शेजारणी जाऊ लागल्या, तशी तीही जाऊ लागली. मी आठवड्यातून एकदा जाऊन तिची वही पाहत असे. १७ मार्च २०२४ रोजी, रविवारी, परीक्षा झाली. साठी उलटलेली माझी बहीण गावच्या शाळेत बाकावर बसली. ज्या वयात बसायचे होते, त्या वयात ती बसू शकली नव्हती.

काही दिवसांनी माझ्या फोनवर निरोप आला. मी चष्मा लावला. काचेवर लिहिले होते :

'दादा मि पास झालि. तु जेवला का'

ऱ्हस्व-दीर्घाच्या तीन चुका होत्या. अशा चुकांवर मी जन्मभर लाल शाईच्या रेघा ओढल्या. ही चिठ्ठी मात्र मी तशीच जपून ठेवली आहे.

त्यानंतर एकदा मी तिच्याबरोबर एका कचेरीत गेलो होतो. कारकुनाने तिच्यापुढे कागद ठेवला आणि सवयीप्रमाणे शाईची डबी पुढे सरकवली. तिने डबी बाजूला केली. कागद हातात घेतला आणि अक्षरावर बोट ठेवून वाचू लागली. मागे रांग होती. लोक चुळबुळ करू लागले. कारकून म्हणाला, "बाई, लवकर करा."

बहीण मान वर न करता म्हणाली, "थांबा जरा. मी वाचून राह्यली."

आम्ही सगळे थांबलो.

अभ्यास

१. फोनच्या काचेला नखाने टेकवले तर ती का हलत नाही?
२. गुरुजींना निरोप का वाचता आला नाही? त्यामुळे बहिणीला काय सोसावे लागले?
३. ओटीपी कोणाला सांगावा? फसवणूक झाली तर कोणत्या क्रमांकावर फोन करावा?
४. मला, मळा, माळा, माला : हे चार शब्द मोठ्याने वाचा. प्रत्येकाचे एक वाक्य वहीत लिहा.
५. आपल्या फोनवर आलेला शेवटचा निरोप स्वतः वाचा. अडलेली अक्षरे वर्गात विचारा.
६. आपल्या घरातल्या एका माणसाला मराठीत निरोप लिहून पाठवा. चुका झाल्या तरी चालतील.